नावाचं कडवं

त्या आठही गाण्यांची शेवटची कडवी मी कापली. कोणी सांगितलं म्हणून नाही आणि मशीन बिघडलं म्हणूनही नाही. माझ्याच अंगठ्याने पॉजचं बटण दाबून कापली. आणि ज्यांची गाणी होती त्यांना सांगितलं, की टेप तेवढीच होती, पुढचं मशीनने घेतलंच नाही.

तेव्हा मी पंचविशीत होतो. चिमूरला बसस्टँडजवळ माझं कॅसेटचं दुकान होतं. पुढे विक्री, मागच्या खोलीत रेकॉर्डिंग. भिंतींना जुन्या गाद्या टांगलेल्या, पंखा बंद. ती गाणी बांधणारे शाहीर तिथे सायकलने यायचे. तलावाकाठचं त्यांचं गाव दोन-अडीच तासांवर होतं. घरची मासेमारी, थोडं धान, आणि उरलेल्या वेळात दंडारीची गाणी बांधणं. दंडार म्हणजे आमच्या भागातला गावचा नाचगाण्याचा खेळ. त्यात शाहिरांचं गाणं असलं की आजूबाजूच्या गावांतून बैलबंड्या जुंपून लोक यायचे.

आमच्याकडे गाणं बांधणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो. गावाचं नाव, गुरूचं नाव, आणि मग स्वतःचं. दुसऱ्या कोणी ते गाणं गायलं तरी हे कडवं गावंच लागतं. नाव गाळून गाणं म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या जाळ्यातले मासे उचलून नेणं. मला हे लहानपणापासून माहीत होतं. ते माहीत असूनही मी कापलं, आणि हे लिहिताना ते लपवण्यात अर्थ नाही.

कारण साधं होतं. कॅसेटच्या एका बाजूला तीस मिनिटं. शाहिरांचं एक गाणं नावासकट नऊ-दहा मिनिटांचं. म्हणजे बाजूला तीनच बसत होती. शाहीर म्हणाले होते, "सहाच घ्या भाऊ, पन पुरी घ्या." मला कव्हरवर 'आठ गाणी' असं छापायचं होतं. ढोलकी समेवर आली की पॉज दाबायचा, एवढी सफाई माझ्या हातात होती. आजही ती कॅसेट ऐकून काप कुठे आहे ते कोणाला सांगता येणार नाही. तेव्हा मला त्या सफाईचा अभिमान होता.

कॅसेट खूप चालली. रोवण्याचं, म्हणजे भातलावणीचं गाणं तर धानाच्या बांधीतल्या बायांपासून लग्नाच्या बँडपर्यंत गेलं. दोन वर्षांनी मार्कंड्याच्या जत्रेत मी दुकान लावलं होतं, शाहीर माझ्या शेजारी बसले होते. समोरच्या मंडपात एक मंडळी रोवण्याचं गाणं म्हणत होती. तिसरं कडवं संपलं आणि मंडळी थांबली, नावाचं कडवं आलंच नाही. शाहीर उठून गेले आणि गाणाऱ्याला विचारलं, "कोनाचं गानं होय हे?"

"लय जुनं होय, बाबाजी. आजा-पंजापासूनचं."

शाहीर परत आले ते हसत. "घ्या भाऊ. मी जिताजागता पंजा झालो."

मीही हसलो. तेव्हाच सांगायला हवं होतं.

त्यानंतर दुसऱ्या कॅसेटसाठी चार हिवाळे आम्ही रेकॉर्डिंग केलं. ती कधी निघालीच नाही. दर वेळी मला काहीतरी खटकायचं. त्या टेप मी फेकल्या नाहीत, प्रत्येकीवर पेनाने शेरा लिहून पेटीत टाकल्या. पुढे सीडी आल्या, मग मोबाइल आले, दुकान गेलं. आता माझी साउंड सर्व्हिस आहे, भोंगे आणि मिक्सर भाड्याने देतो. पेटी मात्र घरात राहिली.

मागच्या दसऱ्याच्या आधी शाहिरांची मुलगी आली. ती वरोऱ्याला शाळेत शिकवते. म्हणाली, "काका, बाबांचं जे जे तुमच्याकडे असेल ते सगळं द्या. न निघालेलं, चुकलेलं, खोकल्याचंसुद्धा. मला एकत्र करून लोकांना ऐकवायचंय. पण बाबा ऐकू शकतात तोवर." शाहीर आता ऐंशीच्या पुढे आहेत. एक कान गेलाय.

मी लगेच हो म्हणालो. हे काम माझ्याइतकं नीट दुसऱ्या कोणाच्या हातून झालं नसतं, हे मी आजही ठामपणे सांगतो. टेप कुठे ओढली जाते, ढोलकीची शाई कधी नवी होती, कुठल्या हिवाळ्यात शाहिरांचे पुढचे दात पडले, हे मला आवाजावरून कळतं. पेटीत चौदा टेप निघाल्या, त्या मी वर्षांच्या क्रमाने लावल्या आणि हेडफोन घालून बसलो.

रोवण्याचं गाणं त्यांनी चारही हिवाळ्यांत पुन्हा म्हटलं होतं. पहिल्या वर्षी नावाचं कडवं पूर्ण, चार ओळींचं, पण एकदम भरभर. त्यावर माझा शेरा होता 'घाई'. दुसऱ्या वर्षी गुरूचं नाव गेलं, दोनच ओळी उरल्या. शेरा 'ताल सुटला'. तिसऱ्या वर्षी गावही गेलं. एका ओळीत फक्त त्यांचं नाव, तेही मधल्या कडव्यात कसंबसं कोंबलेलं. चौथ्या वर्षी ढोलकी सुरू व्हायच्या आधीच त्यांनी नाव म्हणून टाकलं आणि मग गाणं धरलं. तिथे मी लिहिलं होतं 'सुरुवात चुकली'.

वर्षानुवर्षं मी त्या चुका समजत होतो. तो माणूस माझ्या मशीनमध्ये मावण्यासाठी आपलं नाव दरवर्षी लहान करत होता.

चौथ्या वर्षीच्या टेपच्या शेवटी ढोलकी थांबल्यावर बोलणं आहे. शाहीर विचारतात, "आता मावलं का भाऊ, नाव?" आणि माझा तरुण आवाज म्हणतो, "पाहू ना शाहीर. मशीन लय जिद्दी हाय." मागे दोघं-तिघं हसतात.

हे बारा सेकंदांचं बोलणं आहे. ते काढायला मला आता अंगठाही लागत नाही, माउस पुरतो. कोणाला कळलंही नसतं. एक दिवस मी त्याच्यावर बोट ठेवून बसलो होतो, हे कबूल करतो. मग लॅपटॉप बंद करून पिशवीत घातला आणि शाहिरांच्या गावी गेलो.

ते तलावाच्या मातीच्या पाळीवर बाज टाकून बसले होते. त्यांच्या घरच्या बाई शेजारी बारीक मासे वाळत घालत होत्या. मी हेडफोन त्यांच्या चांगल्या कानाला लावला आणि रोवण्याचं गाणं चारही वर्षांचं ऐकवलं.

"हा मीच होय का?"

"तुमीच, शाहीर."

"चांगला गाये बा मी."

मग ते बोलणं लागलं. तेही त्यांनी ऐकलं. मी हेडफोन काढला आणि सांगितलं, की टेप पुरत नव्हती हे खोटं होतं. मशीनने काही कापलं नाही, मीच कापलं.

आधी बाईच बोलल्या. "मी तवाच म्हटलं होतं ह्याईले. मशीनची काय दुश्मनी हाय तुमच्या नावाशी?"

"तू चूप राय," शाहीर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "चार साल, भाऊ. सायकल चालवता चालवता ओळी कापत येत होतो. गुरूचं नाव कापलं तवा दोन दिवस जेवन गोड लागलं नाई मले."

"माझं चुकलं."

"हे मले इथी पाळीवर काऊन सांगून राह्यले? कॅसेट तं गावोगाव वाजली."

"मंग कुठी सांगू?"

"बुधवारी मंडई हाय. भोंगे तुमचेच लागून राह्यले."

"अन् ती मशीनबी आना संगं," बाई मासे उलटवत म्हणाल्या. "तिचीबी माफी मांगा. बिचारी फुकट बदनाम झाली."

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते तेव्हा दुपारी दंडार होते. त्या बुधवारी मी भोंगे स्वतः बांधले. शाहिरांच्या मुलीला सगळ्या टेप न कापता दिल्या होत्या, ते बारा सेकंदही. शाहिरांना पुढे खुर्चीवर बसवलं होतं. ढोलकी सुरू व्हायच्या आधी मी माइक हातात घेतला. आधी त्यांच्या गावाचं नाव घेतलं, मग गुरूचं, मग त्यांचं पूर्ण नाव, आणि म्हणालो:

"रोवण्याचं गाणं आणि त्या कॅसेटमधली बाकीची सात गाणी आजा-पंजाची नाहीत. ती यांनी बांधलीत. प्रत्येक गाण्यात यांचं नाव होतं, ते मी कापलं. आणि मशीनने कापलं असं यांना खोटं सांगितलं. शाहीर, तुमचं नाव मी चोरलं. तुमच्या गावासमोर तुमची माफी मागतो."