सीलबंद डब्यातली फिल्म

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. मी क्ष-किरण यंत्रांचा माणूस. म्हणूनच हे सांगायला एवढी वर्षं लागली…

ऐंशीच्या दशकाची अखेर. पांढुर्ण्यातल्या एका खासगी दवाखान्यात नवं ओपीजी मशीन आलं होतं — डोक्याभोवती फिरून अख्खा जबडा एकाच फिल्मवर उतरवणारं! सौंसरपर्यंतच्या दातांच्या आठ डॉक्टरांना ते शिकवायला मी नागपूरहून आलो होतो. उत्साह नुसता अंगात मावत नव्हता.

प्रात्यक्षिकाला तिगावच्या सुमनमावशी उभ्या राहिल्या. शेतमजुरी करणाऱ्या, महिनाभर गाल सुजलेला.

"बाप्पा! हे माह्या डोक्याभोवती काहून फिरून राहिलं?"

"हलू नका मावशी, फोटो बिघडेल."

सौंसरचे डॉक्टर म्हणाले, "आम्ही दाढ दुखली का उपटतो. तुम्ही तर तिले प्रदक्षिणा घालून राहिले, सर!"

सगळे हसले. मशीन झकास फिरलं. फिल्म ठेवायची चपटी कॅसेट घेऊन मी ऐटीत डार्करूममध्ये गेलो. लाल दिव्यात ती उघडली… आत फिल्मच नव्हती! बोलण्याच्या नादात भरायलाच विसरलो होतो. फिल्मचा नवा डबा शेजारी तसाच, सीलबंद.

बाहेर आठ डॉक्टर ताटकळलेले. चूक कबूल करायची हिंमत झाली नाही. ठरवलं — सील फोडून एक कोरी फिल्म धुवायची आणि 'व्होल्टेज पडलं, पुन्हा घेऊ' म्हणायचं.

फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवली… आणि दात उमटू लागले! एकेक करत अख्खा जबडा — आणि डाव्या दाढांखाली, हाडात, सुपारीएवढी काळी पोकळी!

बाहेर टाळ्याच टाळ्या. "सर, कमाल केली! ही गाठ आम्हाले कधीच दिसली नसती!" त्या फिल्मवरच मावशींना ऑपरेशनला नागपूरला पाठवायचं ठरलं.

'आणखी एक काढू या' — एवढंच म्हणायचं होतं मला. फिल्म खोटी ठरली तर धडधाकट हाड कापलं जाणार होतं, आणि ते एकट्या मला माहीत होतं. मी टाळ्या घेत उभा राहिलो.

गाठ तिथेच निघाली, तेवढीच. आणखी उशीर झाला असता तर जबडा मोडला असता, असं सर्जन म्हणाले.

पुढे मावशी भेटल्या. माझे हात धरून म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या मशीननं वाचवलं मले."

मी 'हो' म्हणालो.

मावशी, तुमचा जबडा पणाला लावून मी गप्प बसलो होतो. ती फिल्म मशीनमध्ये कधी गेलीच नव्हती. मग तिच्यावर तुमचे दात कोणी उतरवले… खरंच सांगतो, मला माहीत नाही.