खुर्ची ड्रायव्हरला, मुसळ शास्त्रज्ञाला

माझ्या या मैत्रिणीइतकं शास्त्रज्ञासारखं न दिसणारं माणूस अख्ख्या आंबेगाव तालुक्यात सापडायचं नाही. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, पदर कमरेला खोचलेला आणि पदराच्या गाठीला सुपारीऐवजी भाताचे दाणे. लग्नात सगळे अक्षता नवरानवरीवर टाकतात, ही तोंडात टाकून चावते आणि शेजारणीला सांगते, "रेशनचा दिसतोय." एकदा मयताच्या घरी भेटायला म्हणून गेली आणि कणगीत वाकून बघत बसली. घरची माणसं रडायची थांबली.

पण माझा खरा थरकाप उडाला तो बारा वर्षांपूर्वी, तिच्या पहिल्या भेटीत. निरोप आला, की पुण्याहून शास्त्रज्ञ येताहेत, तुमचा काळ्या कुसळाचा भात बघायचाय. वाडीत सगळ्यांनी नवं बियाणं धरलेलं. सासूबाईंच्या शब्दाखातर तो भात मी एकटीच लावायचे, आणि त्याचं बी घरात मडकंभर उरलेलं. मी तेव्हा पन्नाशीची, म्हणजे अक्कल यायचं वय होऊन गेलेलं. म्हटलं, एवढा मोठा माणूस नुसता भात बघायला खालच्या शिनोली गावावरून इतक्या वर डोंगरात येईल? खायलाच येणार. बियाण्याचं पुढं बघू, पाव्हण्याच्या ताटात कमी नको. मडकं काढलं आणि कांडून टाकलं.

जीप आली. पुढून टकला, जाड चष्म्याचा, पांढऱ्या शर्टातला माणूस उतरला आणि उंबऱ्याला अडखळला. टीव्हीत दाखवतात तो हाच, माझी खात्री पटली. त्याला खुर्ची दिली. विचारलं, "साहेब, चंद्रावर पाणी घावलं का?"

"मावशी, मला हितं तांब्याभर मिळालं तरी लई झालं."

शास्त्रज्ञ विनोदही करतात म्हणून मी थक्क. त्याच्या मागून रबरी चपला घातलेली बाई आली, तिच्या हातात मी मुसळ दिलं. "रिकामी कशाला बसती बाय, एवढा तांदूळ सड."

तिनं मुकाट्यानं घाम गाळला. शेवटी म्हणाली, "ताई, तुमचा तो काळ्या कुसळाचा भात दाखवता का? त्याच्यासाठीच आलेय मी."

"आता काय दाखवू? तू सडतीयास त्योच की."

मुसळ वरच थांबलं. "सगळा?"

तिनं धावत जाऊन मडकं उपडं केलं. तळातून न कांडलेली दीड मूठ निघाली. ती भुईवर बसली. खुर्चीवरून आवाज आला, "मॅडम, गाडी सावलीला लावू का?" तेव्हा मला कळलं, मुसळ कुणाला दिलंय आणि सासूबाईंचं काय संपवलंय.

ती चिडली नाही. दीड मुठीचे दोन वाटे केले. "एक माझ्याकडं, एक तुमच्याकडं. एकीकडं गेलं, तर दुसरीकडं राहील." पावसाळ्यात स्वतः रोपांच्या आवणीला आली. बाकीच्या बाया चार-चार काड्या लावायच्या, ही एकेकच काडी लावायची, तीही तिच्याशी बोलत. दिवाळीच्या आधी माझ्या खाचरात काळी कुसळं डुलली. आज तो भात वाडीतल्या सात घरांत आहे.

दरवर्षी यायची. दोन वर्षं झाली, गुडघ्यांमुळं तिला चढण होत नाही. फोन करते, "कुसळं आली का?" माझी तब्येत विचारायचं अजून सुचलेलं नाही. आवणीला बाया रांगेनं उभ्या राहिल्या, की माझ्या उजव्या हाताला एका बाईपुरती जागा सुटते. कुणी सोडा म्हणत नाही. तेवढी रोपं मग मीच वाकून लावते, एकेक काडी.