गायकवाड बाईंचा ळ

गायकवाड बाई तिरंदाजी शिकवायच्या, पण लक्ष्याकडे बघायच्या नाहीत. आम्ही बाण सोडायचो; तो समोरच्या गवताच्या गठ्ठ्यात रुतो की मागच्या मातीच्या बांधात जावो, बाईंना त्याचं सोयरसुतक नसे. त्या आमच्या खांद्याशेजारी उभ्या राहून आमचं तोंड न्याहाळत. कुणी विचारलंच, "बाई, लागला का हो?" तर म्हणत, "कुठे पोचला ते त्याला विचारा. कुठून निघाला ते मी सांगते."

मी कर्वेनगरातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. बॅडमिंटन खेळताना घोटा मुरगळला आणि डॉक्टरांनी उभ्याउभ्या खेळता येईल असं काहीतरी शोधायला सांगितलं. घराजवळच्या एका मैदानावर रविवारी सकाळी साध्या लाकडी धनुष्याने तिरंदाजी शिकवतात असं कळलं म्हणून फोन लावला. "जय भीम, बोला," पलीकडून आवाज आला. मी बोललो. एकाग्रता, परंपरा, आधुनिक जीवनातला ताण, सगळं बोललो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं? रविवारी सातला या. नाश्ता करून या. भाषण करून आलात तरी चालेल, म्हणजे इथे वेळ जायचा नाही."

बाई विश्रांतवाडीच्या. तिथून सगळं शहर ओलांडून स्कूटरवर यायच्या, पाठीवर खोळीत घातलेलं धनुष्य आणि डोक्यावर हेल्मेट. सिग्नलला लोक वळून बघत. बाई त्यांच्याकडे बघत नसत. कॉलेजात असताना त्या राज्यपातळीवर खेळल्या होत्या. पुढे कोर्टात लघुलेखक म्हणून नोकरी केली. जन्मभर वकिलांची भाषणं उतरवून घेतल्यामुळे समोरचा माणूस कुठल्या वाक्याला थांबणार हे आपल्याला आधीच कळतं, असं त्या सांगत. माझ्या बाबतीत हा अंदाज साफ कोलमडला, हेही त्याच सांगत.

बाईंचा नियम एकच होता. मैदानावर लक्ष्यांच्या दिशेने जाणारी चुन्याची एक उभी रेघ होती आणि नवशिके तिच्या अलीकडे, जवळच्या लक्ष्यांसमोर उभे राहत. तीन बाण एका वितीत बसले की रेघ ओलांडून पलीकडच्या, लांबच्या लक्ष्यांसमोर जायचं. बाण मध्यभागी लागायला हवेत अशी अटसुद्धा नव्हती. "कुठेही मारा, पण तीनही तिथेच मारा," एवढंच म्हणणं.

माझा एक बाण बांधावर, एक गवतात आणि एक कुठे गेला ते शोधायला सगळा वर्ग. माझ्यानंतर नारायण पेठेतल्या लिमये काकू आल्या, खांदा आखडला म्हणून. महिन्याभरात त्या रेघेपलीकडे. मी गुपित विचारलं तर म्हणाल्या, "घरी आमचे हे बोलतात. मला तोंड मिटून उभं राहायची सवय आहे."

ते ऐकून बाईंचे डोळे चमकले. पुढचे सगळे बाण सुटताना त्यांनी माझ्या ओठांकडे टक लावून बघितलं आणि मग निदान केलं. "सर, दोरी ओढलेला हात दर वेळी ओठाच्या त्याच कोपऱ्याला टेकला पाहिजे. टेकतोही. पण तुमच्या ओठाचा कोपराच फिरतीवर असतो. 'आता बघा' म्हणालात की जबडा खाली, बाण वर. 'उगाच' म्हणालात की ओठ पुढे, बाण खाली. नेम कसला धरताय? बाराखडी मारताय तुम्ही."

मी म्हणालो की मी बोलत नव्हतोच. सगळा वर्ग हसला, कारण हे मी दोरी ओढलेली असताना म्हणालो होतो.

पहिला उपाय म्हणून तोंडात पाणी धरायला लावलं. तेवढ्यात शेजारून लिमये काकू आपल्याच बाणाला "शाबास!" म्हणाल्या आणि मला हसू फुटलं. बाईंची ओढणी भिजली. ती पिळता पिळता त्या म्हणाल्या, "आता ळ."

"कसला ळ?"

"बाळातला. जीभ वर वळवून टाळूला लावा, ळ धरा, आणि बाण पोचेपर्यंत सोडू नका. मराठीत ळपासून एकही शब्द सुरू होत नाही. म्हणजे तुमचंही काही सुरू होणार नाही."

मी अर्थातच असा शब्द शोधून काढायच्या मागे लागलो. त्यात काही रविवार गेले. शब्द सापडला नाही, पण त्या नादात ळ जिभेवर बसला. हळूहळू सगळ्यांनीच तो उचलला आणि मैदानभर ळळळळ अशी घरघर चालू झाली. सकाळी फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी कुंपणापाशी थांबून विचारलं, "कुठला पंथ आपला?" बाई म्हणाल्या, "गप्प बसणाऱ्यांचा. तुम्हाला नाही जमायचं."

मग एकदा धनुष्याची दोरी उतरवता उतरवता बाईंनी सांगून टाकलं, मुलीकडे बंगळुरूला चालल्येय, कायमची. नातवंड येणार होतं. शुक्रवारचं तिकीट काढलं होतं. मध्ये एकच रविवार उरला होता. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी केलं नाही. तोवर रेघेच्या अलीकडे मी एकटाच उरलो होतो. बाईंनंतर दुसऱ्या कुणी मला रेघ ओलांडू दिली असती, पण मला ती बाईंच्या हातूनच ओलांडायची होती.

त्या शेवटच्या रविवारी मी घरापासूनच गप्प निघालो. ताप आलाय का म्हणून बायकोने कपाळाला हात लावून बघितला. मैदानावर पोचलो, उभा राहिलो, ळ धरला आणि बाण सोडला. पुन्हा ळ. पुन्हा. तीनही बाण असे शेजारी शेजारी जाऊन बसले की मला स्वतःलाच खरं वाटेना.

"अहो, ते माझं आहे!" लिमये काकू ओरडल्या.

बाण काकूंच्या लक्ष्यात होते. ओठांकडे इतकं लक्ष दिलं होतं की आपण कुणाच्या गठ्ठ्यावर बाण सोडतोय हे बघायचं राहूनच गेलं होतं.

मी तोंड उघडलं. कुठल्या लक्ष्यात ते नियमात म्हटलेलं नाही, हा मुद्दा माझ्याकडे तयार होता. बाईंनी हात वर करून मला थांबवलं, चालत गठ्ठ्यापाशी गेल्या आणि बाणांवर वीत टेकवली. वीत पुरून उरली.

"जा पलीकडे," परत येऊन त्या म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मी रेघ ओलांडली. मग बाई हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं बोलल्या. "सर, आजवर तुमची चूक दहा दिशांना पळत होती, मी धरणार तरी कुठे? आज ती एका जागी आली. आता तुम्हाला शिकवायला घेता आलं असतं."

 दोघांनाही शुक्रवार आठवला.

बाईंचे आभार मानायचे म्हणून मी आठवडाभर मनाशी भाषण जुळवत होतो. चांगलं लांबलचक होतं. त्यातलं एक अक्षर बाहेर येईना. डोळ्यांसमोरचं मैदान धूसर झालं होतं. बाईंनी ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं.

"बोला की हो सर," त्या म्हणाल्या. "आज चालेल."