ह्यांची घोडी

कुणी काही फुकटात देतंय म्हटलं की माझे कान टवकारतात. इथल्या रॉकीज पर्वताच्या पायथ्याशी मोकाट फिरणारे रानघोडे लोकांना दत्तक मिळतात, असं ह्यांनी जेवता जेवता सांगितलं, तेव्हा मी आधी विचारलं, "मग त्यात त्यांचा काय फायदा?"

"अगं, सगळं ऑफिशियल आहे. रस्त्यावर, शेतात येणारे घोडे सरकारच्या परमिशनने पकडतात. एक संस्था त्यांना सांभाळते, चौकशी करून घर देते. मी अप्लाय केलंय."

केलंय! म्हणजे मला विचारायचं राहूनच गेलं. जन्मभर एडमंटनच्या ऑफिसात पाइपलाइनची ड्रॉइंग्ज तपासलेला माणूस, कुत्रा दिसला तरी रस्ता बदलणारा. त्याला सत्तरीनंतर घोडा कशाला हवा? कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला तेव्हाच जाणवलं.

रिटायर झाल्यावर आम्ही शहराबाहेर अॅकरेज, म्हणजे काही एकर जमिनीसकट घर, घेतलं होतं, त्यामुळे जागेचं कारण पुढे करता येईना. संस्थेची एक बाई पाहणीला आली. कुंपण हलवून पाहिलं, पाण्याची सोय पाहिली आणि शांतपणे विचारलं, "मांसासाठी विकणार नाही ना?" आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मी असली भडकले! ह्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. मी तिच्यावर संशय घेत होते आणि ती आमच्यावर. तेवढ्यापुरती ती मला आवडली.

पानगळीत ती बाई घोडी घेऊन आली. काळपट, बुटकी, शेपटीत काटेरी गोंडे अडकलेले. हे म्हणाले, "अगं, ओवाळ तिला."

"अहो, तिला कसं ओवाळू?"

"नव्या व्हॅनला ओवाळलंस, घोडीला नको?"

मी तबक घेऊन पुढे झाले. निरांजनाची ज्योत दिसताच घोडी अशी उधळली की कुंपणाची फळी मोडली. ती बाई ओरडली, "आग विझवा!" मी कुंकवाच्या बोटाने उभी. त्या बाईला काय वाटलं असेल कोण जाणे. जाताना तिने बजावलं, की वसंतात येईन, तोवर घोडीने तोंडाला म्होरकी बांधू दिली नाही तर परत नेईन. ह्यांचा चेहरा असा उतरला की मला आश्चर्यच वाटलं. एका घोडीसाठी एवढं?

थंडी सुरू झाली आणि ह्यांचा गुडघा दुखायला लागला. गवत टाकायचं, पाण्यावरचा बर्फ फोडायचं काम माझ्याकडे आलं. हे खिडकीतून सूचना करायचे. काल ह्यांचा डावा पाय लंगडत होता, आज उजवा! मी विचारलं, "नक्की कुठला गुडघा?" तर म्हणाले, "दोन्ही, आलटून पालटून." आळशीपणा, दुसरं काय, असं म्हणत मी बूट चढवायची.

घोडीचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता आणि माझा तिच्यावर. मी गवत टाकून पाठ फिरवून उभी राहायची. तिच्याकडे बघायचीसुद्धा भीती वाटायची. मग एकदा मानेवर गरम श्वास आला. मी हलले नाही. पुढे कधीतरी तिने हात लावू दिला, नंतर दोरी, आणि बर्फ वितळायला लागला तेव्हा म्होरकी. मी घरात येऊन सांगितलं, तर ह्यांनी टीव्ही बंद करून सगळं पुन्हा सांगायला लावलं.

ठरल्याप्रमाणे बाई आली. मी म्होरकी घातली, घोडी निमूट उभी राहिली. बाई कुंपणापलीकडच्या ह्यांच्याकडे वळली. "अर्ज तुमचा होता. तुम्ही कधी हाताळता हिला?"

"मी नाही," हे इंग्रजीत म्हणाले. "माझं हृदय फार दिवस साथ देणार नाही. घोडी अजून वीस वर्षं जगेल. नंतर माझ्या बायकोला रोज सकाळी उठून घराबाहेर पडावंच लागेल, असं काहीतरी मला हवं होतं."

मला नाही, त्या परक्या बाईला सांगितलं. माझ्या तोंडावर सांगायची हिंमत झाली नसणार. मला ह्यांचा इतका राग आला की मी हातातली दोरी खसकन ओढली. घोडीने मान वर केली.

बाईने आता माझ्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "तुम्हाला ठेवायची आहे का हिला?"

नाही म्हणावंसं वाटलं. घेऊन जा म्हणावंसं वाटलं. घोडी गेली की ह्यांची सगळी तयारी मोडेल, आणि तयारी नसताना हा माणूस आजवर कुठेही गेलेला नाही.

हे कुंपणाला धरून माझ्याकडे बघत होते. घोडीने माझ्या खांद्यावर नाक टेकवलं.

"हो," मी म्हणाले. मग ह्यांच्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "पण उद्यापासून तुम्हीही यायचं माझ्याबरोबर. जमेल तितके दिवस."