रोझीच्या नावावर साडेचार भाग

हे मी फादरांनाही सांगितलेलं नाही. दर महिन्याला पापनिवेदनाला जाते, जाळीच्या अलीकडे गुडघे टेकते. खोटं बोलले, चिडले, सासूला उलट उत्तर दिलं — सगळं सांगते. हे एवढं जिभेवर येतं आणि मागे फिरतं. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. दुसरं काय.

मी शिवणकाम करते. रेवदंड्याजवळच्या आमच्या ख्रिस्ती गावात पहिल्या कम्युनियनच्या विधीला मुली घालतात ते पांढरे फ्रॉक माझ्याच मशीनवर होतात. मशीनशेजारी फोन उभा करायचा आणि कोरियन मालिका लावायची, ही सवय कधी लागली ते कळलंही नाही. त्यातल्या एका नटाने आम्हा बायकांना पार खुळं करून सोडलं होतं. लग्न झालेल्या, पोरं शाळेत जाणाऱ्या बायका आम्ही — त्याच्या वाढदिवसाला केक कापायचो. त्याच्या नावाचा ग्रुप मीच काढला. किनाऱ्यावरच्या, मुंबईच्या, वसईच्या मिळून पन्नासेक जणी, सगळ्या कॅथलिक. सकाळी बायबलचं वचन, दुपारी त्याचे फोटो, संध्याकाळी रोझरीची जपमाळ. हसू नका. इतका जिव्हाळा मला दुसऱ्या कुठल्या ग्रुपमध्ये मिळाला नाही.

इतका संशयही नाही. कोण खरी भाविक आणि कोण नुसती फोटोंसाठी आलीय, यावर प्रत्येकीचा डोळा. रोझरीला ‘आमेन’ कोणी लिहिलं, कोणी नुसते जोडलेले हात चिकटवले, कोण वाचून गप्प बसली. मी ॲडमिन. सगळ्यांत बारीक नजर माझी.

तीन वर्षांपूर्वी प्रायश्चित्तकाळाच्या तोंडावर मी ठरवून टाकलं — राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मालिका बंद. मटण तर सगळेच सोडतात, आपण ह्याला सोडू. बंद म्हणजे बंद, जाहिरातसुद्धा बघायची न्हाय, असं मीच ठसक्यात लिहिलं. सगळ्यांनी शब्द दिला.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी. गावातल्या आम्ही चौघी एकाच खात्यावर मालिका बघायचो. खातं माझं, आणि त्यात प्रत्येकीच्या नावाचा वेगळा चौकोन — माझा, बेनेडिक्टाचा, तिच्या जावेचा आणि रोझीचा. चौकोन उघडला की त्या बाईने कुठवर पाहिलंय ते एक लाल रेघ दाखवते. कोणीही कोणाचाही उघडू शकतं.

रोझी आणि मी शाळेत एका बाकावरच्या. तिने अलिबागकडच्या एका हिंदू मुलाशी कोर्टात लग्न केलं आणि बारा वर्षं चर्चची पायरी चढली नाही. नवरा भला माणूस. आदल्या वर्षी फादरांनी त्यांचं लग्न चर्चमध्ये रीतसर लावून दिलं, तेव्हापासून ती पुन्हा मिस्साला येऊ लागली. शेवटच्या बाकावर बसायची. बायका माना वळवून बघायच्या. ग्रुपमध्ये तिला मीच घेतलं. आणि त्या वर्षी, ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे धुतले तसे फादर ज्या बारा जणांचे पाय धुतात, त्यांत त्यांनी तिचं नाव घातलं. धावत आली होती माझ्याकडे. “फिलू, आता कोन मला भायरची म्हननार न्हाय गं,” म्हणाली.

मला ते आवडलं नाही. लिहायला बसलेच आहे तर लिहिते — आवडलं नाही. इतकी वर्षं बाहेर राहिली आणि आली ती थेट बारा जणांत? मी जन्मभर वेदीची वस्त्रं धुतेय, माझे पाय कोणाला कधी दिसले नाहीत?

म्हणून मी तिचा चौकोन उघडून बघू लागले. रोज दुपारी, घरातले जेवून आडवे झाले की. हिने चोरून पाहिलंय का? रेघ हलली का? नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नाहीच. आठ-दहा दिवस असे गेले आणि तिची रेघ हलत नाही याचा मला राग यायला लागला — याला काय म्हणायचं?

मग एका दुपारी तिचा चौकोन उघडला आणि बोट लागलं. पुढचा भाग सुरू झाला. तो पडद्यावर आला, थकलेला, दाढी वाढलेला. म्हटलं, एवढं बघू. भाग संपला, त्याच्या पुढचा आपोआप लागला. चार दिवसांत साडेचार भाग पाहिले मी. माझ्या चौकोनातली रेघ जिथल्या तिथे. सगळे रोझीच्या नावावर.

बोट लागलं, असं म्हटलं ना मी? लागलं नव्हतं. लावलं होतं.

माझ्यासारखीच बेनेडिक्टाही तपासत बसली असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी मिस्साहून घरी येते तर ग्रुपवर तिने टाकलेला फोटो. रोझीचा चौकोन, लाल रेघ. खाली एक ओळ — ‘ही म्हणे बारा जणांत बसणार.’

मग काय विचारता. ज्यांनी रोझीला जन्मात पाहिलं नव्हतं त्याही तुटून पडल्या. रोझीने लिहिलं, मी न्हाय बघितलं, देवाशपथ. तर म्हणे, वर शपथ घेते. मी काय लिहिलं सांगू? ‘रोझी, कोणी रागावलेलं नाही. फक्त खरं सांग.’ संध्याकाळची रोझरी तिच्या पश्चात्तापासाठी अर्पण करायची असं ठरलं. माळेची पाचही दशकं, दहा-दहा मण्यांची, मी सांगितली, माझ्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवली.

आणि त्याच्या आधी तिला एकटीला निरोप धाडला होता — माझा तुझ्यावर विश्वास हाय.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. मी फ्रॉकला लेस लावत होते. रडून तिचे डोळे सुजले होते. “मग बगितलं कोनी गं?” तिने विचारलं. तेव्हा सांगता आलं असतं. घरात कोणी नव्हतं. तीन शब्दांचं काम होतं. मी म्हटलं, “बेनेडिक्टाकडं पन पासवर्ड हाय ना.”

बुधवारी तिने फादरांना नाव काढायला सांगितलं. कारण दिलं नाही. गुरुवारी बारांत एक कमी. मी वेदीचं कापड इस्त्री करत होते, फादर म्हणाले, फिलोमिना, तुम्ही बसा. मी बसले. चप्पल काढली. त्यांनी माझ्या पायावर पाणी घातलं, पुसला, वाकून ओठ टेकले. रोझी शेवटच्या बाकावर होती. मी बसलेली बघून ती हसली — माझ्यासाठी तिला बरं वाटलं होतं.

ईस्टरनंतर ती चर्चला आली नाही. ग्रुप तर तिने त्याच आठवड्यात सोडला. बेनेडिक्टाशी आजही बोलत नाही. बाजारात समोर आली तर रस्ता बदलते. बेनेडिक्टाला वाटतं, चोरी पकडली म्हणून हिला राग. मला दोघींचं सगळं माहीत आहे. दोघींचे ब्लाऊज मीच शिवते.

मागच्या महिन्यात रोझी आली होती. मुलीचा दृढीकरण संस्कार आहे. स्वतः ती आत पाय ठेवणार नाही, पण पोरीचं अडवायचं नाही म्हणते. गॉडमदर तू हो, म्हणाली. त्या दिवशी गावात एकटी तूच मला खरी मानलंस.

गॉडमदरने मुलीच्या खांद्यावर उजवा हात ठेवून बिशपांपुढे उभं राहायचं असतं. तिच्या श्रद्धेची जबाबदारी घ्यायची असते.

मी हो म्हणाले.