विटलेली निळी बाजू

फिरतं घर केलेली एक जुनी गाडी बघायला आम्ही दोघं गेलो होतो. आत पलंग, ओटा, सगळं होतं हो, पण एका बाजूचा निळा रंग उन्हानं पार विटलेला. ह्यांनी तिथंच बोट ठेवलं, "रंगाचे कमी करा."

"करतो," मालक म्हणाले. "कोकणात गेलो की हीच बाजू समुद्राकडे. आमच्या हिला पडल्यापडल्या सूर्य बुडताना बघायचा असायचा." बायको गेल्यावर गाडी विकायला काढली होती त्यांनी.

मी पत्र्यावर हात ठेवला. निळा इतका फिका व्हायला किती संध्याकाळी लागल्या असतील? एखाद्या बाईचं सुख रोज उन्हात वाळत घातलं, तर असंच दिसेल नाही का?

"रंग द्याल तेव्हा मला कळवू नका," मालक म्हणाले.

"रंग कोण देतंय!" हे म्हणाले, आणि आधी सांगितलेली पूर्ण किंमत कबूल करून मोकळे झाले.