भुशाची भट्टी आणि मेश्राम मॅडम

मेश्राम मॅडमना मी प्रथम पाहिले ते १९९९ साली, गोंदियातल्या एका राईस मिलच्या आवारात. धानाच्या भुशाच्या ढिगात त्यांनी कोपरापर्यंत हात खुपसला होता. मी तिथे मुकादम होतो. "काय हरवलं जी, मॅडम?" मी विचारले. "काही नाही भाऊ, भट्टी शोधून राहिली," त्या म्हणाल्या. बाई शिकलेल्या दिसतात, पण डोके ठिकाणावर नाही, असे माझे मत झाले. पुढे त्यांनीच मला कामावर घेतले, तेव्हा ते मत मी मुकाट्याने गिळले.

त्या काळी यंत्र विकणारे माल उतरवून जायचे, ते परत तोंड दाखवायचे नाहीत. मॅडमनी उलटे केले. लोखंडी सळया बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी चाचणीसाठी स्वतःचे यंत्र उभारले. भुशापासून गॅस काढून तो कोळशाऐवजी भट्टीला द्यायचा, आणि मालकांनी मिळालेल्या उष्णतेचेच पैसे द्यायचे. "या गॅसात थोडा हायड्रोजन आहे, एक दिवस निव्वळ हायड्रोजनवर लोखंड तापवू," असे त्या सांगत, आणि मालक हसत. चाचणी फसली तर कोळसा परत आणि आमचे यंत्र बाहेर, असे ठरले होते.

सगळे जमत आले आणि मी घोळ घातला. राईस मिलमध्ये भुसा उडून शेजाऱ्यांच्या वाळवणात जाऊ नये, म्हणून रोज सकाळी ढिगावर पाणी मारायची रीत होती. सवयीने मी इथेही मारले. ओल्या भुशाने गॅस मंदावला, लोखंडाचे ठोकळे अर्धवट तापले आणि ते दाबताना रोलर मोडला. मालक तणतणत आले, "किसकी गलती है?"

मी पाण्याची बादली पायाने मागे सरकवली. मॅडम पुढे झाल्या. "माझी. भुसा कसा ठेवायचा, हे करारात मीच लिहिलं नाही." दुरुस्ती त्यांनी अंगावर घेतली, ढिगावर पत्रे घातले आणि भुसा सांभाळण्याची जबाबदारीही करारात स्वतःकडे घेतली. मालक निवळले, चाचणी पुढे चालू राहिली. त्या भट्टीत कोळसा पुन्हा आला नाही.

दुपारी आम्ही सगळे एकत्र डबे सोडत असू. मॅडमचे माहेर नवेगाव बांधचे. तिथल्या तलावातल्या झिंग्यांची चटणी त्या सर्वांना वाढत. ते दिवस आठवले की आजही जीव हळवा होतो. पण रोलर मोडल्यावर चार दिवस मी डबा घेऊन लांब ढिगामागे बसलो. पाचव्या दिवशी, भुशावर पाणी मीच मारले, हे मॅडमना सांगून टाकले.

"मले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगता का नाही, तेवढंच पाहून राहिली होती. उद्यापासून भट्टी तुम्ही सांभाळा."

चूक कबूल केल्यावर काम काढून घेणारे मी पुष्कळ पाहिले. वाढवून देणाऱ्या या एकट्याच. मॅडम आज साठीत पदार्पण करीत आहेत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि माझ्यासारख्या भित्र्यांना त्यांच्यासमोर खरे बोलण्याचे बळ मिळत राहो.